इनफायटिंगला मराठीत काय म्हणतात

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षकाकांचा एका रविवारी सकाळी फोन आला. "अगं ऐक, इनफायटिंगला शुद्ध मराठी शब्द काय? इतिवृत्तात घालायचाय."

मी पोटासाठी भाषांतरं करते. मिक्सर, पाणी शुद्ध करायचं यंत्र, केस वाळवायचं यंत्र यांच्या खोक्यात जे घडी घातलेलं पत्रक असतं आणि जे कोणीही वाचत नाही, त्यातलं मराठी माझ्यासारख्या माणसांनी लिहिलेलं असतं. ठाण्यात ऑफिस आहे, डोंबिवलीत घर. त्यामुळे बिल्डिंगमध्ये मी म्हणजे शब्दांचं किराणा दुकान. कोणाला पत्रिकेसाठी "सस्नेह" हवं असतं, कोणाला निधनाच्या बोर्डासाठी "दुःखद" सोडून दुसरं काहीतरी. सगळं उधारीवर.

"अंतर्गत कलह," मी म्हटलं.

"तो पेपरात असतो. बोलताना जीभ अडते."

"गटबाजी."

"ती पक्षात होते. आपल्याकडे कोणाला तिकीट मिळणार आहे?"

"यादवी."

काकांनी तो दोनदा उच्चारून बघितला. शब्द त्यांना आवडला होता, हे कळत होतं. पण यादवीत शेवटी कोणीच उरत नाही, हेही त्यांना माहीत होतं, आणि काकांना अध्यक्षपदाची आणखी एक टर्म हवी होती. भाऊबंदकी चालली नसती, कारण आम्ही कोणी कोणाचे भाऊ नाही. कुरबूर, धुसफूस हे शब्द त्यांना सासवा-सुनांचे वाटले. लाथाळी म्हटल्यावर त्यांनी "छे" म्हटलं.

"मग भांडण लिहा, काका."

"इतकं खाली नको जायला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. इतिवृत्तात इनफायटिंगच गेलं, देवनागरीत.

काका बँकेतून निवृत्त झालेले. आमच्या गावात अध्यक्ष नसलेला निवृत्त माणूस शोधून काढावा लागतो. वाचनालय, संगीत मंडळ, ज्येष्ठांचा कट्टा, हास्यक्लब, सगळीकडे एकेक अध्यक्ष आणि दोन-दोन उपाध्यक्ष. काकांच्या वाट्याला आमची सोसायटी आली. कंपाउंडमध्ये तीस माणसांची सभा असली तरी त्यांना माईक लागतो, आणि सभा संपली तरी माईक त्यांच्या हातात असतो. माणूस वाईट नाही. आमचे बाबा गेले तेव्हा सगळी धावपळ त्यांनीच केली. फक्त त्यांना साधं वाक्य अपुरं वाटतं.

हा शब्द त्यांना एका बिल्डरच्या माणसानं दिला. आमची बिल्डिंग चार मजली, बिनलिफ्टची, दोन विंगची. दरवर्षी कोणीतरी बिल्डर पुनर्विकासाचं बोलायला येतो, वेफर्स खातो, टॉवरचं रंगीत चित्र देऊन जातो. चित्रात आमच्या कंपाउंडमध्ये खजुराची झाडं आणि एक कुत्रा फिरवणारी गोरी बाई असते. त्या वर्षी आलेला माणूस टाय लावून आला होता. जाताना म्हणाला, "सर, प्लॉट चांगला आहे. पण तुमच्याकडे इनफायटिंग फार आहे. ते आधी सॉर्ट करा."

काका दुखावले असतील असं मला वाटलं होतं. उलट त्यांची कॉलर टाइट झालेली दिसली. आपल्या बिल्डिंगमध्ये मोठमोठ्या कंपन्यांत होतं तसलं काहीतरी आहे, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

तोवर आमच्याकडे साधं भांडण होतं, आणि ते लिफ्टचं होतं. सेक्रेटरी हा बी विंगचा, तिसऱ्या मजल्यावरचा, चाळिशीतला, एमआयडीसीत नोकरीला. त्याचं म्हणणं, दोन्ही जिन्यांना लागून बाहेरून लिफ्ट बसवता येते, बसवू या. काका ए विंगमध्ये पहिल्या मजल्यावर. त्यांचं म्हणणं, उद्या टॉवर येणार, त्यात चार लिफ्ट असणार, मग आज या म्हाताऱ्या इमारतीला दागिना कशाला घालायचा. दोघांच्या मागे अर्धी अर्धी बिल्डिंग उभी होती आणि दोघेही, काटेकोरपणे बघितलं तर, खोटं बोलत नव्हते.

मधल्यामध्ये आमची आई. आम्ही ए विंगमध्ये चौथ्या मजल्यावर.

आईचे गुडघे गेल्यापासून ती खाली उतरत नव्हती. म्हणजे उतरली असती कशीबशी, पण परत चढणं तिच्या हाताबाहेरचं होतं. डॉक्टरकडे न्यायचं तर दोन पोरं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून न्यायची. एकदा नेल्यावर तिनं सांगितलं, "परत नाही. विसर्जनाला नेतात तसं वाटतं. नुसता गुलाल राहिला होता."

तिला खाली कुठे जायचं होतं असं नाही. देवळाची तिला आवड नाही, कट्ट्यावरचे लोक तिला कंटाळवाणे वाटतात. तिला भाजी घ्यायची होती. आयुष्यभर तिनं भाजी स्वतः निवडून, गाडीवाल्याशी हुज्जत घालून घेतली होती. आता ती खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायची, गाडीवाला खालून जे टाकेल ते वर ओढायची. चार मजल्यांवरून हुज्जत घालता येत नाही, नुसतं ओरडता येतं. "अरे, पिवळी पानं काढ" म्हटलं की तो खालून हात हलवायचा. हो म्हणतोय की टाटा करतोय, कळायचं नाही. रोज संध्याकाळी ती मेथी निवडताना पिवळ्या पानांचा वेगळा ढीग करून मला दाखवायची. लिफ्टची बाजू घेणारं यापेक्षा चांगलं भाषण आमच्या एकाही सभेत झालं नाही.

शब्द आला आणि मजा झाली. भांडण असतं तेव्हा लोक विचारतात, कोणाचं, कशावरून, मिटलं का. इनफायटिंगबद्दल असं कोणी विचारत नाही. ते डोंबिवलीच्या धुळीसारखं असतं, आहे म्हणजे आहे. लिफ्टचा विषय निघाला की काका म्हणायचे, "सध्याच्या इनफायटिंगच्या वातावरणात हा निर्णय घेणं योग्य नाही." हळूहळू सेक्रेटरीही म्हणायला लागला, "ताई, मी कोटेशन घेऊन आलेलो, पण इनफायटिंगमुळे काय करता येत नाय." दोघं मिळून भांडत होते आणि दोघं मिळून वातावरणाकडे बोट दाखवत होते.

मी एकदा शब्दाचं मूळ बघितलं होतं. तो मुष्टियुद्धातला आहे. दोन मुष्टियोद्धे इतके जवळ येतात की हात लांबवून ठोसा मारायला जागाच उरत नाही, मग ते एकमेकांना चिकटून बरगड्यांत छोटे छोटे गुद्दे मारत राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मिठी मारलीये. आमच्या जिन्यात समोरून कोणी आलं तर एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. इथे दुसऱ्या प्रकारचं युद्ध होणं अवघडच. हे मी आईला सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे जवळ येऊन भांडतात ना? मग बरंय की. आपल्याकडचे तर समोर पण येत नाहीत."

त्याच वर्षी सत्यनारायणाचा घोळ झाला.

आमच्या भागात सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा आणि मग बिल्डिंगचा सत्यनारायण, हे ठरलेलं. प्रजासत्ताकाचा आणि त्या देवाचा संबंध काय, हे मी लहानपणी विचारलं होतं. "सुट्टी असते" असं बाबांनी सांगितलं, आणि त्याहून चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पूजेला बसायचा मान एक वर्ष ए विंगच्या जोडप्याला, एक वर्ष बी विंगच्या. करोनाच्या वर्षी पूजा झालीच नाही. ते वर्ष बी विंगचं होतं. मग त्यांची पाळी गेली की राहिली, यावर बाकी राहिलेलं सगळं इनफायटिंग येऊन बसलं. दरवर्षी कसंबसं निभावलं जात होतं. त्या वर्षी मात्र दोन्ही विंगनी जाहीर केलं की सत्यनारायण आमचा.

कंपाउंडमध्ये दोन मांडव उभे राहिले. पंप-रूमच्या बाजूला ए विंगचा, गेटच्या बाजूला बी विंगचा. दोन चौरंग, केळीच्या खांबांचे दोन जोड, दोन स्पीकर.

प्रसादाचा शिरा बिल्डिंग झाल्यापासून आईच्या हातचा. गुडघ्यांनंतरही ती वर करायची आणि पातेलं खाली जायचं. आदल्या आठवड्यात आधी काकांच्या घरून काकू आल्या, मग सेक्रेटरी आला. दोघांनीही शिरा तुमच्याच हातचा हवा म्हणून सांगितलं. आई दोघांनाही "होईल" म्हणाली. दार लावल्यावर मी विचारलं, "दोन शिरे करणार?"

"माझ्याकडे कढई एक आहे," ती म्हणाली. "घेतील वाटून. प्रसादाला कोण नाही म्हणतंय बघू."

झेंडा एकच झाला, कारण काठी एकच आहे. काकांचं भाषण झालं. मग गुरुजी स्कूटरवरून आले. हेल्मेट काढलं, पिशवी घेतली आणि दोन चौरंगांच्या मध्ये उभे राहिले.

"हे काय? मला एकच सांगितलीये."

गुरुजींना दोघांनीही फोन केला होता. दोन्ही वेळा "आपल्या सोसायटीची सव्वीसची पूजा, लक्षात आहे ना" एवढंच बोलणं झालं होतं. गुरुजींना वाटलं, डोंबिवलीची माणसं, दोनदा खात्री करतात. दोन्ही वेळा ते हो म्हणाले. त्यांना पुढे कोपरीला एक पूजा होती आणि नंतर कळव्याला आणखी एक. त्या दिवशी कल्याणपासून ठाण्यापर्यंत मोकळा भटजी मिळणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी मोकळा शिंपी मिळण्यासारखं.

"एक पूजा सांगेन," गुरुजी म्हणाले. "कुठे मांडायची ते ठरवा. मी तोवर चहा घेतो."

पंप-रूमपाशी मांडली तर बी विंग हरली. गेटपाशी मांडली तर ए विंग हरली. मध्ये जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण. काकांनी माईक हातात घेतला आणि "हॅलो, हॅलो" करून तपासला. बी विंगमधून कोणीतरी म्हणालं, "गच्चीत मांडा ना. गच्ची कॉमन आहे."

कॉमन या शब्दावर दोन्हीकडच्या माना हलल्या. दोन्ही जिने गच्चीत निघतात, दोन्ही विंगच्या पाण्याच्या टाक्या तिथे आहेत, गच्ची खरोखरच कोणाच्याच बापाची नव्हती. गुरुजींनी दोन्हीकडची दोन जोडपी शेजारी शेजारी बसवायचं ठरवलं, मान मिटला, सगळ्यांना एकदम हुशारी केल्यासारखं वाटलं. ज्या बिल्डिंगमध्ये लिफ्टवरून एवढं रामायण चाललंय, तिथे सगळ्यांनी पाच जिने चढून पाचव्या मजल्यावर जायचं ठरवलं आहे, हे त्या क्षणी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

मी वर येऊन आईला सांगितलं. ती शिऱ्यावर झाकण ठेवत होती.

"गच्चीत?" ती म्हणाली. "मग मी येते. एकच तर जिना."

तिनं चांगली साडी काढली. कठड्याला धरून, पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती चढली. आम्ही दार ओढून घेत होतो तेव्हा चौरंग गेला, केळीचे खांब गेले, स्पीकर गेला. आम्ही गच्चीत पोचलो तरी काका आले नव्हते. पाण्याची बाटली विसरले म्हणून मी खाली आले, तर ते आमच्या मजल्याखालच्या वळणावर पायरीवर बसलेले. टोपी हातात. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला वर यायचं काही कारण पडत नाही. ते शेवटचे वर आले होते बाबा गेले तेव्हा.

"काका, पाणी आणू?"

"नको. जरा... वातावरण बघत होतो," ते म्हणाले.

पूजा व्यवस्थित झाली. आई टाकीच्या सावलीत खुर्चीत बसली होती आणि गुरुजींपेक्षा आजूबाजूच्या बिल्डिंगांकडे बघत होती. कितीतरी नवीन झाल्या होत्या. प्रसाद आला. एकच पातेलं आहे हे सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी हात पुढे केला. प्रसाद नाकारायची हिंमत इनफायटिंगमध्येही नसते.

खरी अडचण नंतर आली. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. गच्चीतून एक जिना उतरून काका आमच्या दारापाशी आले आणि थांबले. पुढची पायरी त्यांना दिसत होती, पाय जात नव्हता.

आई माझा हात धरून मागेच उतरत होती. "या भाऊजी," ती म्हणाली. "बसा घटकाभर. आम्ही काय, घरातच असतो."

काका दिवाणावर बसले. दुपारची रक्तदाबाची गोळी खाली राहिली होती. मी काकूंना फोन केला, आईनं खिडकीतून टोपली सोडली, गोळी वर आली. काकांनी टोपलीकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, खिडकीच्या कठड्यावर दोरीनं पडलेल्या खाचेकडे बघितलं. गोळी घेतली. मग घसा साफ केला.

"वहिनी, तुमची अडचण मला समजते. पण या इनफायटिंगमध्ये..."

"कोणाचं भांडण आहे, भाऊजी?"

"भांडण असं नाही. एकूण सोसायटीत..."

"सेक्रेटरीचं आणि तुमचं?"

"व्यक्तिगत काही नाही आमचं."

"मग माझं आणि तुमचं आहे," आई म्हणाली. "मला लिफ्ट पाहिजे. तुम्ही होऊ देत नाही. याला भांडण म्हणतात. इतकी वर्षं तुम्ही खाली, मी वर, जमलं नाही. आज आलाय घरी, तर भांडून घेऊ."

आणि ती भांडली. तिचं भांडण मी लहानपणापासून ऐकलेलं आहे; त्यात शिवी नसते, पण मागचं काही सुटत नाही. टॉवर कधी येणार, तोवर मी असणार का, की मला फोटोत घालून नवीन फ्लॅटच्या भिंतीवर नेणार, ते तरी लिफ्टनं न्या. सुरुवातीला काका "तसं नव्हे, वहिनी" म्हणत होते. मग त्यांचाही आवाज चढला. तुम्हाला काय, टॉवर झाला तर परदेशातल्या माझ्या मुलाला परत येऊन राहावंसं वाटेल, तो जवळ असावा असं मलाही वाटतं, असं ते एकदम म्हणून गेले. माईकशिवाय त्यांचा आवाज इतका साधा येतो, हे मला माहीत नव्हतं.

"तो येणार नाही हो, भाऊजी," आई म्हणाली. "टॉवरसाठी कोण येतं? तुमच्यासाठी आला तर येईल."

काका चिडले. ते वहिनींना "तुम्हाला समजत नाही" म्हणाले, आई त्यांना "तुम्हाला समजतं आणि वळत नाही" म्हणाली. आवाज ऐकून गच्चीत आवराआवर करणारा सेक्रेटरी धावत आला.

"काकू, काय झालं? मी आहे, मी बोलतो यांच्याशी."

"तू गप रे," आई म्हणाली. "तू तरी काय केलंस? कोटेशन आणून आणून रद्दी केलीस. यांच्या दारात जाऊन बसलास का एक दिवस?"

"ताई, समजवा ना काकूंना..."

मी चहा टाकायला आत गेले. माझ्या व्यवसायात दोन्ही बाजूंचं म्हणणं मध्ये उभं राहून सांगावं लागतं. इथे दोन्ही बाजू एकमेकींना चांगल्या समजत होत्या.

चहा झाला. मग काका उठले आणि सेक्रेटरीला म्हणाले, "जरा खांदा दे." दोघं एकेक पायरी उतरत गेले. जिन्यात दोन माणसं शेजारी मावत नाहीत, म्हणून सेक्रेटरी आडवा उतरत होता. वरून बघताना ते दोघं एकमेकांत चांगलेच अडकलेले दिसत होते.

विशेष सभा झाली. लिफ्टचा ठराव काकांनी स्वतः मांडला, पाऊण तास. त्यात "इनफायटिंगवर मात करून" असे शब्द होते आणि ते इतिवृत्तात गेले. कोणी मात केली, कोणावर केली, हे भाषांतर करायची वेळ माझ्यावर आली नाही एवढंच.

लिफ्ट बसली. बाहेरून बसवलेल्या लिफ्टची रीत अशी की ती मजल्यावर थांबत नाही, दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर थांबते. म्हणजे आईला अर्धा जिना उतरावा लागतोच. तिची त्याला हरकत नाही. उद्‌घाटनाची फीत काकांनी कापली, नारळ सेक्रेटरीनं फोडला. कोणी काय करायचं यावर आठवडाभर वाद झाला होता. आईनं त्याकडे लक्ष दिलं नाही. संध्याकाळी गर्दी पांगल्यावर ती कापडी पिशवी घेऊन एकटी उतरली. मी खिडकीतून बघत होते.

ती गाडीपाशी गेली. मेथीची एक जुडी उचलली, उलटी केली, आतली पानं पसरली आणि गाडीवाल्याच्या तोंडासमोर धरली. काय बोलली ते चार मजल्यांवर ऐकू आलं नाही. तो हात जोडत होता, हसत होता, दुसरी जुडी दाखवत होता. तिनं तीही उलटी केली. काका त्यांच्या खिडकीत आले आणि त्यांनी वर माझ्याकडे बघून हातानंच विचारलं, काय चाललंय. मीही हातानंच सांगितलं, काही नाही.

बऱ्याच वेळानं ती वर आली. धाप लागली होती, गाल लाल झाले होते, पिशवीत एकच जुडी होती.

"एवढा वेळ भांडून एकच?" मी विचारलं.

"उद्या परत जायचंय," ती म्हणाली. "त्याचं म्हणणं अजून पूर्ण ऐकलं नाही मी."